ब्रेकच्या टाकीतले परके तेल

ब्रेकच्या टाकीत ब्रेक ऑइलऐवजी पॉवर स्टिअरिंगचे किंवा इंजिनचे ऑइल पडले, तरी त्या दिवशी गाडी नेहमीसारखी थांबते. बहुधा दुसऱ्या दिवशीही थांबते. बिघाड वर येईपर्यंत ओतणारा नामानिराळा झालेला असतो.

सगळे रबरावर अवलंबून आहे. डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ ही ब्रेक ऑइले ग्लायकॉल ईथरच्या कुळातली. त्यांच्यात टिकणारे ईपीडीएम जातीचे रबर मास्टर सिलिंडरचे वॉशर, कॅलिपरचे सील आणि होज पाइप यांत वापरतात. खनिज तेल या रबरात शिरते. रबर फुगते आणि मऊ पडते. डॉट ५ हे सिलिकॉनचे असते, तेही बाकीच्यांत मिसळायचे नसते. खनिज तेलावर चालणारे ब्रेकही आहेत. सित्रोएनने १९६० च्या दशकात आपल्या गाड्यांसाठी हिरवे खनिज तेल आणले. तिथे नेहमीचे ब्रेक ऑइल घातक ठरते.

पेडलवरून पाय उचलला की मास्टर सिलिंडरातला वॉशर मागे सरकतो आणि एक बारीक भोक उघडते. दाबलेले ऑइल त्यातून टाकीत परतते. वॉशर फुगला की भोक झाकलेलेच राहते. दाब आत कोंडतो, पॅड डिस्कला घासत राहतात, घर्षणाने ऑइल तापून प्रसरण पावते आणि दाब आणखी वाढतो. पाय न लावताच ब्रेक लागत जातो.

प्रस्तुत लेखकाच्या गाडीत हे कुंभार्ली घाटात घडले. चिपळूणहून चढताना गाडी जड झाली. चढ आहे, माणसे भरली आहेत, असेच कोणालाही वाटले असते. पण एका वळणावर थांबून पेडल सोडले तरी गाडी तसूभर मागे घसरेना. पुढच्या चाकांतून जळका वास येत होता. वाटेत थांबलेल्या एका ट्रकचालकाने चाके निवल्यावर ब्लीडर निप्पल पान्याने किंचित सैल केला, ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाक मोकळे झाले. कोंडलेला दाब ओळखायची ही पक्की खूण आहे. मास्टर सिलिंडरचा पाइप सैल करून चाक सुटले तर दोष तिथे. निप्पल सैल केल्यावरच सुटले तर होज आतून फुगून बंद झालेला असू शकतो. चाक सुटले म्हणजे गाडी दुरुस्त झाली, असे मात्र नाही. ती तिथून टो करूनच न्यावी लागली.

कराडच्या मिस्त्रीने टाकीचे झाकण उघडले, तेव्हा आतल्या रबराची कड ब्लेडने कापलेली दिसली. झाकणाचे हे रबर या बिघाडाचा पहिला साक्षीदार असते. ते फुगते, कडेला लाटा येतात, झाकणात बसत नाही. पेडल कडक लागते म्हणून गाडी काही दिवसांपूर्वी सर्व्हिसिंगच्या जागी परत नेली होती. तिथे कोणीतरी हे झाकण उघडले, रबर वाढलेले पाहिले, ते का वाढले हे विचारले नाही, बसेल इतके कापले आणि ‘सगळे ओके’ म्हणून किल्ली परत दिली. आठ जण बसणारी गाडी, पुढे घाट. ओतणाऱ्या पोराला एक वेळ क्षमा करता येते. फळीवर चिठ्ठी नसलेले डबे शेजारी शेजारी असतात. ब्लेड चालवणाऱ्याला नाही, कारण त्याच्या हातात पुरावा होता आणि त्याने तोच छाटला.

पण ओतणाऱ्याविषयीची ही माया पूर्ण टिकत नाही. टाकीच्या झाकणावरच डॉट ३ किंवा डॉट ४ असे उठावदार अक्षरांत असते. शिवाय टाकी भरायची गरजच बहुधा नसते. पॅड झिजतात तशी पातळी खाली येते. खालच्या खुणेच्या वर असेल तर ती तशीच राहू द्यावी. खुणेखाली गेली असेल तर आधी पॅड पाहावेत, मग गळती शोधावी. प्रत्येक सर्व्हिसिंगला ‘टॉप-अप’ करण्याची सवय मोडली, तर निम्मे अपघाती ओतणे आपोआप टळेल.

शंका आली तर टाकीतले थोडे ऑइल पेल्यातल्या पाण्यात टाकावे. ब्रेक ऑइल पाण्यात मिसळते, खनिज तेल वर तरंगते. टाकीतही ते वरच राहते, म्हणून नमुना वरून घ्यावा.

तेल आत गेल्यावर गाडी चालवलेली नसेल, तर टाकी काढून धुणे कधी कधी पुरते. पेडल दाबले गेले असेल तर जुने ऑइल काढून नवे भरणे ही दुरुस्ती नव्हेच. फुगलेले रबर पूर्ववत होत नाही आणि मुरलेले तेल नव्या ऑइलात उतरते. मास्टर सिलिंडर, कॅलिपरचे सील, व्हील सिलिंडर आणि सगळे होज बदलावे लागतात. लोखंडी पाइप ब्रेक क्लीनरने धुऊन हवेने कोरडे करता येतात. एबीएसचा हायड्रॉलिक भाग सहसा खोलून दुरुस्त होत नाही, तो नवाच घ्यावा लागतो, आणि बिलात सर्वांत जड तोच असतो.

हे बिल कोणी भरायचे यावर वाद होतो. सर्व्हिसिंगवाला आधी टाकी रिकामी करायला पाहतो. म्हणून गाडी त्याच्या ताब्यात देण्यापूर्वी टाकीतले ऑइल स्वच्छ बाटलीत काढून सील करावे, झाकणाचे रबर आणि जुने वॉशर जपून ठेवावेत, दुसऱ्या मिस्त्रीकडून लेखी घ्यावे. जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रारीची मुदत २ वर्षांची आहे.