आहार आणि अभय

श्रावकाच्या घरात चार दानांचा उल्लेख होतो, तेव्हा आहारदान आणि अभयदान यांची नावे एका श्वासात घेतली जातात. बहुधा या दोहोंत विरोध उद्भवत नाही. दारी आलेल्यास जेवू घालताना दुसऱ्या कोणाला भय द्यावे लागत नाही. गच्चीवर पाखरांसाठी दाणे आणि पाणी ठेवताना मनात शंका उभी राहत नाही. परंतु क्वचित असा एखादा जीव घरात येतो की, त्याला आहार द्यावा तर दुसऱ्याचे अभय जाते आणि दुसऱ्याचे अभय राखावे तर तो उपाशी मरतो. बदलापूर पूर्वेच्या कात्रप भागातील एका कुटुंबावर गेल्या आषाढात हा प्रसंग आला. त्याला कारण झाला एक इंचभर लांबीचा पिवळा मासा.

हा मासा कोणी हौसेने विकत आणलेला नव्हता. घरातील अकरावीत शिकणाऱ्या नातवाचा आतेभाऊ उच्च शिक्षणासाठी परदेशी निघाला. त्याची खोली रिकामी व्हायची होती आणि तीत तीन फूट लांबीची खाऱ्या पाण्याची काचपेटी होती. ती घेण्यास कोणी पुढे येईना, तेव्हा नातवाने ती मागून घेतली आणि एका रविवारी टेम्पोतून पेटी कात्रपला आली. तीत नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन क्लाऊनफिश होते आणि दगडाच्या कपारीत लपलेला हा तिसरा पिवळा मासा. नातवाने त्याचे नाव ‘गोबी’ सांगितले, तेव्हा आजी हसल्या. ‘फ्लॉवरमध्ये किडे असतात म्हणून चातुर्मासात ती भाजी आपण घरात आणत नाही आणि तू जिवंत गोबी घेऊन आलास!’ पुढे त्याच्या रंगावरून त्यांनी त्याला ‘हळकुंड’ म्हणण्यास आरंभ केला आणि घरात तेच नाव रूढ झाले.

मुंबईत मरीन ड्राइव्हवर १९५१ साली सुरू झालेले तारापोरवाला मत्स्यालय आजींनी लग्नानंतरच्या दिवसांत पाहिले होते. तेथे समुद्र रस्त्यापलीकडेच होता. कात्रपला मात्र समुद्र घरातच तयार करावा लागतो. गाळून क्षारमुक्त केलेल्या प्रत्येक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम सागरी मीठ मिसळावे, या हिशेबाने दीडशे लिटरच्या पेटीस पाच किलोंहून अधिक मीठ लागते. पाणी उडून जाते, मीठ मागे राहते, म्हणून रोज थोडे गोडे पाणी घालून क्षारता राखावी लागते. वीज गेली की पाण्यातील प्राणवायू कमी होऊ लागतो, म्हणून बॅटरीवर चालणारा हवेचा पंप हाताशी ठेवावा लागतो. उन्हाळ्यात बदलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा पाणी २७ अंशांच्या आसपास ठेवणे हे आणखी एक काम होऊन बसते. इतके सांभाळले, तरी ते केवळ पाणी झाले. त्यात राहणाऱ्याने खाल्ले पाहिजे, हा भाग वेगळाच.

गोबींच्या जगात सुमारे दोन हजार जाती आहेत आणि त्यांतील बहुतेक बोटभर लांबीच्याही नसतात. ठाण्याच्या खाडीत ओहोटीच्या वेळी चिखलावर उड्या मारणारी निवटी ही त्यांचीच भाऊबंद होय. हळकुंडाची जात प्रवाळाच्या फांद्यांत राहणारी. तिच्या अंगावर खवले नसतात. त्याऐवजी कडू, विषारी चिकट स्रावाचा लेप असतो. पोटाखालील दोन पर जुळून वाटीसारखा चोषक झालेला असतो, त्याच्या आधाराने ती फांदीला चिकटून बसते. तिचे प्रवाळाशी असलेले नाते केवळ भाडेकरूचे नाही. फिजी बेटांजवळ केलेले आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेले एक संशोधन सांगते की, विषारी शेवाळ प्रवाळास स्पर्श करू लागले की प्रवाळ पाण्यात एक रासायनिक हाक सोडते आणि तेथे राहणाऱ्या गोबी काही मिनिटांत येऊन ते शेवाळ छाटतात. घर देणाऱ्याचे घर राखणे, असा हा व्यवहार आहे.

कात्रपच्या पेटीत मात्र प्रवाळ नव्हते आणि ते आणण्याचा प्रश्नही नव्हता. भित्ती बांधणाऱ्या प्रवाळांना २००१ साली वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले. त्यांची खरेदी-विक्री आपल्या देशात गुन्हा आहे. म्हणून पेटीत होते ते भाजलेल्या मातीचे सच्छिद्र खडक. हळकुंड त्यांच्यावर बसे, कधी काचेला चिकटे, कधी पंपाच्या नळीवर. हाक देणारे आणि हाक ऐकणारे, यांतील एकच तेथे उरले होते.

पहिल्या दिवसापासून त्याने अन्नास तोंड लावले नाही. कोरड्या गोळ्यांचे दाणे पाण्यावर पडताच दोन्ही क्लाऊनफिश ते क्षणात गिळून टाकत. एखादा दाणा खाली आला, तर हळकुंड त्याच्याकडे बघे आणि दाणा हलेनासा झाला की तोंड फिरवी. या माशांचे तोंड लहान आणि स्वभाव भिडस्त. अन्न त्यांना हालचालीवरून ओळखू येते. जे हलत नाही, ते त्यांच्या लेखी खडकाचाच भाग. चौथ्या दिवशी आजींनी चष्मा लावून पाहिले आणि म्हणाल्या, ‘अरे, याचे पोट खपाटीला गेले आहे.’ डोक्यामागचा भागही किंचित खचला होता. मासे पाळणारे ज्या खुणेला घाबरतात, ती हीच.

आतेभावाने दूरध्वनीवरून उपाय सुचविला की, दाणे लसणाच्या रसात भिजवून पाहावे. त्या वासाने मासे खातात, असा अनेकांचा समज आहे. ज्या घरात तीन पिढ्यांत लसूण आला नव्हता, तेथे या उपायावर चर्चाही झाली नाही. मग आजींनीच दुसरा मार्ग काढला. ‘त्याला सोडून देऊ. पर्युषणात लोक जीव सोडवतात ना?’ नातवाने त्यांना समजावले की, उल्हास नदीचे पाणी गोडे आहे, तीत हळकुंड काही तासही जगणार नाही. खाडीचे पाणी खारे असले तरी गढूळ आहे आणि तेथे त्याच्या ओळखीची एकही फांदी नाही. शिवाय परक्या जातीचे मासे आपल्या पाण्यात सोडणे, हे तेथील जीवांवर संकट आणणे ठरू शकते. कोणी तरी पेट्यांतून सोडलेल्या सकर माशाने भारतातील कित्येक तलाव आणि नद्या व्यापल्या आहेत, हे त्याचे जिवंत उदाहरण आहे. सुटका म्हणून जे दिसते, ते प्रत्येक वेळी अभयदान नसते. हे आजींना पटले, पण त्या अधिकच अस्वस्थ झाल्या.

त्या रात्री त्यांनी नातवाला जवळ बसवून अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले : बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. ‘पहिला आपल्याकडून झालेलाच आहे,’ त्या म्हणाल्या, ‘कारण तो काचेत आहे. आपण कोंडला नाही, हे खरे. पण किल्ली आता आपल्या हाती आहे. शेवटचा होऊ द्यायचा नसेल, तर त्याला खायला घातले पाहिजे. आणि तो काय खातो, ते तू मला अजून सांगितलेले नाहीस.’

नातवाने ते सांगण्याचे टाळले होते. हळकुंडाला हवे होते जिवंत अन्न. आर्टेमिया नावाच्या, खारट सरोवरांत राहणाऱ्या कवचधारी जीवाची अंडी वाळूच्या कणांसारखी डबीत मिळतात. ती कोरडी राहिली, तर वर्षानुवर्षे निद्रिस्त असतात. खाऱ्या, उबदार पाण्यात हवेचे बुडबुडे सोडून ठेवली की सुमारे चोवीस तासांत त्यांतून अर्ध्या मिलिमीटरचे नारिंगी जीव बाहेर पडतात. कवच काढलेली, कधीच न उबणारी अंडीही मिळतात. पण ‘अंडे ते अंडेच’ म्हणून आजींनी तो भेद मानला नाही. शिवाय जे हलत नाही, ते हळकुंड खाणार नव्हते. त्यांनी नातवाला एवढेच सांगितले, ‘स्वयंपाकघरात हे होणार नाही. होय किंवा नाही, हे मी तुला सांगणार नाही. तू आता लहान नाहीस.’

गच्चीच्या जिन्याखाली एका बाटलीत नातवाने ती अंडी भिजत घातली. दुसऱ्या दिवशी विजेरीचा प्रकाश बाटलीच्या एका बाजूस धरताच सारे इवले जीव त्या उजेडाकडे पोहत आले. प्रकाशाकडे धाव घेणे हा त्यांचा स्वभाव, आणि त्याचाच उपयोग करून त्यांना रिकाम्या कवचांपासून वेगळे काढतात. आजी तेथे येऊन उभ्या राहिल्या. बराच वेळ त्या उजेडाकडे पाहत होत्या. त्यांनी हात जोडले, पण तोंडाने काही उच्चारले नाही. नातवाने ड्रॉपर भरला, तेव्हा त्याचा हात थरथरत होता. एका जिवासाठी अनेक जीव, हा हिशेब कोणत्याही वहीत जुळणारा नव्हता. आणि तो जुळतो, असे त्या घरात कोणी भासवले नाही.

तरीही हळकुंड खाईना. ड्रॉपरमधून सोडलेले जीव पंपाच्या प्रवाहात विखुरत आणि क्लाऊनफिश ते टिपत. येथे मात्र आजींचा अनुभव उपयोगी पडला. त्यांनी अशक्त नातवंडांना बोंडल्याने दूध पाजले होते. त्या म्हणाल्या, ‘बोंडले तोंडात खुपसायचे नसते. ओठांशी धरायचे, थांबायचे. बाळ तोंड उघडते, तेव्हा थेंब सोडायचा. आणि आधी घरातील दंगा शांत करायचा.’ त्याप्रमाणे क्रम ठरला. पंप बंद करायचा. पेटीच्या एका टोकाला दोन थोरांची पंगत आधी बसवायची. त्यांचे लक्ष तेथे गुंतले की दुसऱ्या टोकाला, ड्रॉपरला जोडलेली बारीक नळी हळकुंडापासून दोन बोटे अंतरावर धरायची आणि एकेक थेंब सोडायचा. आजींची एक माळ पुरी झाली की पंप पुन्हा सुरू. असे दिवसातून तीन वेळा आणि शेवटची वेळ घरच्या जेवणाबरोबर सूर्यास्तापूर्वी. हा नियम आजींचा होता. परंतु हे मासे दिवसाच चरणारे असल्यामुळे तो त्यांनाही मानवला.

तिसऱ्या दिवशी सकाळी हळकुंडाने मान किंचित वळवली आणि पाण्यातील एक ठिपका नाहीसा झाला. मग दुसरा. आजी माळ ओढायची विसरल्या.

खरे काम त्यानंतरचे होते. नातवाने गोळ्यांची अगदी बारीक पूड पाण्यात भिजवून त्याच ड्रॉपरमध्ये मिसळण्यास आरंभ केला. हलणाऱ्या जीवांबरोबर न हलणारे कणही तोंडात जाऊ लागले. प्रथम थुंकले जात, पुढे राहू लागले. रोज जिवंतांचे प्रमाण कमी आणि पुडीचे अधिक. न खाल्लेले अन्न सडून पाणी विषारी होऊ नये, म्हणून उरलेले कण लगेच नळीने ओढून घ्यायचे. एकोणिसाव्या दिवशी ड्रॉपरमध्ये केवळ पूड होती आणि हळकुंडाने ती खाल्ली. जिन्याखालची बाटली त्या दिवशी धुऊन उपडी ठेवली गेली.

त्या गोळ्यांतही मासळीची भुकटी असतेच, हे नातवाने आजींपासून लपवले नाही. त्याने आणखी एक योजना सांगितली : पेटीला जोडून शेवाळाचा एक कप्पा करायचा, त्यात कोपेपॉडसारखे सूक्ष्म जीव आपोआप वाढतात आणि प्रवाहाबरोबर पेटीत येतात; मासा ते स्वतः टिपतो, आपण काही घालत नाही. आजींनी शांतपणे विचारले, ‘कप्पा कोण करणार?’ ‘मीच.’ ‘मग आपण घालत नाही, असे कसे म्हणतोस? जे करायचे ते कर, पण त्याला खोटे नाव देऊ नकोस.’ कप्पा झाला, कारण हळकुंडाच्या प्रकृतीस तो हितकर होता. पण त्याने आपण निर्दोष झालो, असे समाधान कोणी मानून घेतले नाही.

या घरात जे घडले, त्यातून मासे पाळण्याची शिफारस निघत नाही आणि पाळणाऱ्यांचा धिक्कारही नाही. शोभेसाठी ठेवलेल्या जिवाची भूक शोभेची नसते, ती खरी असते. आणि ती भागविण्यासाठी लागणारी किंमत दुकानातील किंमत-चिठ्ठीवर लिहिलेली नसते. ही किंमत मासा घरी आणण्यापूर्वी विचारता येते. आणल्यावर मात्र ती चुकती करणे, एवढेच हाती उरते. क्लाऊनफिश दहा वर्षांहून अधिक जगू शकतात, म्हणजे आज अकरावीत असलेला मुलगा नोकरीला लागेल, तरी पेटीपुढे कोणी तरी ड्रॉपर घेऊन उभे राहावे लागेल.

आता स्वयंपाकघराच्या भिंतीवर दिनदर्शिकेशेजारी आजींच्या अक्षरात एक कागद लावलेला आहे. त्यावर सकाळ, दुपार आणि सूर्यास्तापूर्वी कोणी काय द्यायचे, वीज गेल्यास कोणता पंप लावायचा आणि नातू गावाला गेल्यास कोणी पाणी घालायचे, हे क्रमाने लिहिले आहे. सर्वांत खाली, नातवाच्या अक्षरात, एकच ओळ आहे : ‘या पेटीत नवीन मासा येणार नाही.’