गाडी लागत नव्हती

जालन्याच्या नव्या मोंढ्यात चाळीस वर्षे आडतीचा व्यवसाय करणाऱ्या एका शेठजींच्या घरी मागच्या हिवाळ्यात दोन तक्रारी एकदमच सुरू झाल्या. पहिली गाडीची. 2018 साली घेतलेली पेट्रोलची गाडी ओव्हरटेक करताना दम सोडू लागली आणि काट्यांच्या पट्टीवर इंजिनाचा पिवळा दिवा कायमचा उजळून राहिला. दुसरी तक्रार नऊ वर्षांच्या नातीची. मागच्या बाकावर बसली की बदनापूर येण्याआधीच ती डोके धरून बसे. कचनेरला दर्शनाला जाताना तिला उलटीही झाली. घरच्यांनी ‘हिला गाडी लागते’ असा निर्णय दिला आणि आवळासुपारीची पुडी पर्समध्ये ठेवली. दोन्ही तक्रारींचा एकमेकींशी काही संबंध असेल, असे कुणाच्या मनात येण्याचे कारणही नव्हते.

गाडी ज्या वर्कशॉपमध्ये नेली तिथे स्कॅनर लावला गेला. कोड आला पी 0420, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची कार्यक्षमता कमी. त्यांनी मागचा ऑक्सिजन सेन्सर बदलला आणि दिवा विझवला. अठरा दिवसांनी तो पुन्हा लागला. दुसऱ्या गॅरेजवाल्याने अधिक सोपा उपाय सुचवला : कन्व्हर्टर कापून काढू, जागी सरळ पाइप टाकू, पिकअप परत येईल, पीयूसीचे काय ते बघून घेऊ. आणि मजुरी? ती नको, फुकट काढून देतो.

मोंढ्यात आयुष्य गेलेल्या माणसाच्या कानाला ‘फुकट’ हा शब्द खटकतोच. शेठजींनी त्या रात्री आपल्या मेहुण्यांना फोन केला. जालन्याच्या पोलाद कारखान्यांना भंगार पुरवणारे हे गृहस्थ हसले. त्या डब्याच्या पोटात चिनीमातीसारख्या पदार्थाचे बारीक छिद्रांचे पोळे असते, आणि त्या छिद्रांना प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम या धातूंचा अतिशय पातळ थर दिलेला असतो. वजनाला थर काही ग्रॅमचाच. पण ऱ्होडियमचा भाव कित्येकदा सोन्यालाही मागे टाकतो. गॅरेजवाला मजुरी सोडत होता ती उगीच नव्हे.

या डब्याचे काम मोठे आहे. इंजिनातून येणाऱ्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले पेट्रोल आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांचे तो बहुतांशी कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि साधा नायट्रोजन यांत रूपांतर करतो. त्यासाठी तो तापावा लागतो. अडीचशे-तीनशे अंशांखाली त्याचे काम जवळपास ठप्पच. आपल्याकडे 1995 च्या एप्रिलपासून चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना तो सक्तीचा झाला, आणि त्याच्याबरोबरच तिथे शिसेविरहित पेट्रोल आणावे लागले, कारण शिशाचा लेप बसला की ते मौल्यवान धातू निकामी होतात. शिसे देशभरातून हटले ते 2000 च्या फेब्रुवारीत. आज शिसे नाही. पण इंजिन ऑइल जाळणारी गाडी त्यातल्या फॉस्फरसने हेच नुकसान हळूहळू करते.

शेवटी गाडी औद्योगिक वसाहतीच्या रस्त्यावरच्या एका जुन्या मिस्त्रींकडे गेली. सगळे त्यांना उस्तादच म्हणतात. त्यांनी गाडी रात्रभर ठेवून घेतली, कारण त्यांना इंजिन थंड हवे होते. सकाळी चावी फिरवताच बॉनेटखालून बारीक टक्-टक् ऐकू आली. पाच मिनिटांत ती विरली. ‘लोखंड तापले, फट मिटली,’ उस्ताद म्हणाले आणि लगेच वळून विचारले, ‘शेठजी, गाडीत कुणाचे डोके दुखते का?’

शेठजींना उत्तर द्यायला वेळ लागला.

धुराचा पहिला नळ इंजिनाला जिथे जोडलेला असतो तिथली गॅस्केट फुटली होती. म्हणजे कन्व्हर्टरपर्यंत पोहोचण्याआधीचा, अजिबात न शुद्ध झालेला धूर बॉनेटखाली पसरत होता आणि त्यातला काही भाग हवेच्या जाळीतून आत येत असावा. फट गरम झाल्यावर आवाज बंद होतो, गळती पूर्ण थांबतेच असे नाही. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. लहान मुलांना त्याचा त्रास लवकर जाणवतो.

मग उस्तादांनी पुढचा हिशेब उलगडला. त्याच फटीतून धुराच्या दोन ठोक्यांमधल्या क्षणी बाहेरची हवा आत ओढली जाते. पुढच्या सेन्सरला ती जास्तीची हवा दिसते, आणि पेट्रोल कमी पडते आहे असे समजून संगणक ते वाढवतो. त्यात तिसऱ्या सिलिंडरची इग्निशन कॉइल अशक्त झाल्याने भार पडला की गाडी ‘मिसिंग’ मारत होती. ती नोंद स्कॅनरमध्ये पहिल्या दिवसापासून पडून होती, फक्त पहिल्या कोडनंतर पुढे कुणी वाचले नव्हते. न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळत होते. चारशे ते आठशे अंशांवर सुखाने काम करणारे ते पोळे अशा आगीत वितळते आणि छिद्रे बुजतात. नवा घातला असता तरी तो काही महिन्यांत त्याच वाटेने गेला असता.

हे त्यांनी नुसत्या अंदाजाने सांगितले नाही. पुढच्या सेन्सरच्या भोकात दाबमापक लावून इंजिन अडीच हजार फेऱ्यांवर धरले. काटा तीन पौंडांच्या आत राहायला हवा होता, तो पाचापलीकडे गेला. तापमापक बंदुकीने पाहिले तर डब्याच्या तोंडापेक्षा शेपटाकडची बाजू थंड निघाली; निरोगी असताना ती सहसा थोडी अधिक गरम असते. रबरी हातोडीने हलकेच ठोकल्यावर आत तुकडे खुळखुळले.

मुलाचे मत होते की गाडी आहे तशी विकून टाकावी. दिवा आठवडाभर विझवून ठेवता येतो, घेणाऱ्याला कळायचे नाही. शेठजी बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘आणि त्याच्या घरी पोरं नसतील?’ विषय तिथेच संपला.

गॅस्केट, कॉइल आणि चारही प्लग आधी बदलले. चार दिवस गाडी तशीच चालवून ‘मिसिंग’ गेले याची खात्री केली आणि त्यानंतरच नवा कन्व्हर्टर बसवला. खर्च जाणवण्याजोगा होता. जुना डबा उस्तादांनी स्वतःहून परत दिला. मेहुण्यांनी त्याचा रास्त भाव लावला आणि ती रक्कम शेठजींनी वहीत गाडीच्या खात्यावर जमा केली.

पुढच्या कचनेरच्या फेरीत सूर्यास्तापूर्वी पोहोचायचे म्हणून सगळे दुपारीच निघाले. बदनापूर मागे पडले. नातीने सवयीने काच खाली केली, थोड्या वेळाने स्वतःच वर घेतली. करमाडजवळ तिने आजीकडे चिवडा मागितला.