गाणे निवडताना

गायन पार्टीतले गायक स्वतःचे असतात. गाणी मात्र बहुधा दुसऱ्यांचीच असतात. याच विद्यालयाच्या वसतिगृहात वाढलेले आम्ही सहा माजी विद्यार्थी व विद्यार्थिनी गेली काही वर्षे एकत्र गात आहोत. एक पेटी, एक ढोलकी, एक खंजिरी, दोन पुरुषांचे आणि दोन स्त्रियांचे आवाज एवढाच आमचा संच. आमच्यापैकी कोणीही गीतकार नाही. बुद्धविहारांत, वस्त्यांमध्ये, मंडळांच्या मंडपांत आम्ही जे गातो ते सारे पूर्वसुरींचे. त्यामुळे काय लिहावे हा प्रश्न आमच्यापुढे कधी आला नाही. काय निवडावे हा मात्र दर कार्यक्रमाला येतो. स्मरणिकेच्या निमित्ताने त्याविषयीच लिहीत आहोत.

निवडीला भांडार मोठे आहे. बाबासाहेबांच्या हयातीतच भीमराव कर्डकांसारख्यांच्या जलशांनी चळवळीचा विचार गावोगाव नेला. सिन्नर तालुक्यातील देशवंडी येथे १५ ऑगस्ट १९२२ रोजी जन्मलेल्या वामनदादा कर्डकांना अक्षरओळख झाली ती मोठेपणी, मुंबईत. आणि तरीही १५ मे २००४ रोजी त्यांचे निधन झाले तेव्हा त्यांच्या मागे हजारो गीते होती. यांतील अनेक गीते त्या त्या काळच्या गाजलेल्या चित्रपटगीतांच्या चालींवर बांधलेली असत. काही जण त्याला नक्कल म्हणून नाक मुरडतात. पण ऐकणाऱ्याला चाल आधीच पाठ असली की त्याचे सारे लक्ष शब्दांकडे जाते. ज्या समाजाच्या हाती पुस्तक उशिरा आले, त्याच्यासाठी ही चाल म्हणजेच पाटी होती.

भांडार मोठे असले तरी वेळ थोडा असतो. ध्वनिक्षेपक रात्री १० वाजता बंद व्हावा लागतो. त्रिसरण-पंचशील, पुष्पहार आणि पाहुण्यांची भाषणे आटोपून आमच्या वाट्याला दोन तास आले तर बारा-चौदा गाणी होतात. म्हणजे एक गाणे घेताना दुसरे एखादे सोडावेच लागते. शिवाय आवाजाचाही विचार करावा लागतो. आमच्या पुरुषांचा आवाज काळी एक किंवा काळी दोनमध्ये मोकळा होतो, स्त्रियांचा काळी चार-पाचमध्ये. मूळ गायकाच्या उंच पट्टीचा हट्ट धरला तर अंतऱ्यात शब्द चिरडले जातात. म्हणून आम्ही पट्टी खुशाल उतरवतो, पण शब्द उतरवत नाही.

पट्टी आणि वेळ यांचा मेळ बसल्यावर खरी निवड सुरू होते. तिथे वसतिगृहात सायंवंदनेनंतर शिकलेली सम्यक् वाचा आमच्या कामी आली. मुसावाद, पिसुणावाचा, फरुसावाचा आणि सम्फप्पलाप या चारांपासून, म्हणजे खोटे, चहाडीचे, कठोर व निरर्थक बोलण्यापासून अलिप्त राहणे म्हणजे सम्यक् वाचा. गाणे हीसुद्धा वाचाच आहे. किंबहुना ती अधिक काळ टिकणारी वाचा आहे, कारण भाषण विसरणारी माणसे गाणे गुणगुणत घरी जातात.

या कसोटीवर पहिले बाहेर पडले ते एक अतिशय गोड चालीचे गाणे. त्यात बाबासाहेबांना अवतार म्हटले होते. २२ प्रतिज्ञांतील पाचवी प्रतिज्ञा बुद्धांना विष्णूचा अवतार मानण्यास नकार देते. ती प्रतिज्ञा आपल्या लोकांना देणाऱ्या महामानवालाच अवतार करून टाकणे आम्हांला मानवेना. निव्वळ नावाचा गजर आणि ठेका एवढेच ज्यांत होते, अशी काही गाणीही मग आपोआप गळाली.

कठोर वाचेचा प्रश्न मात्र सोपा नव्हता. अन्यायाविरुद्धचे गीत कठोर असणारच. पाणवठ्याची, गावकुसाची, जळालेल्या घरांची गाणी मवाळ करून गाणे म्हणजे ज्यांनी ते सोसले त्यांच्याशी अप्रामाणिक होणे. अशी गाणी आम्ही गातो आणि पूर्ण ताकदीने गातो. परंतु राग अन्यायावर धरणे निराळे आणि शेजाऱ्याला हिणवणे निराळे. गाता गाता ही सीमा केव्हा ओलांडली जाते ते पुष्कळदा कळत नाही.

एका मंडळाच्या जयंती कार्यक्रमात आमच्याकडे असेच एक गाणे मागितले गेले. चाल उडती, पोरे नाचणारी. आणि त्यात पलीकडच्या वस्तीतल्या लोकांची, त्यांच्या पूजाअर्चेची यथेच्छ टवाळी. फर्माईश आठ दिवस आधीच आली होती, म्हणून आम्ही बसून विचार केला. दोघांचे म्हणणे होते की लोकांना हवे ते न देणाऱ्या पार्टीला पुढल्या वर्षी कोणी बोलावत नाही. ते खरेच होते. एप्रिल महिन्यातल्या बिदागीवर आमच्या ढोलकीवादकाच्या मुलांची वह्या-पुस्तके व फी अवलंबून असे. निर्णय आम्ही त्याच्यावरच सोडला. तो एवढेच म्हणाला, “उद्या त्या पलीकडच्या वस्तीतच आपल्याला कोणी बोलावलं, तर हे गाणं तिथं म्हणता येईल का?”

ते गाणे आम्ही गायलो नाही. त्याऐवजी रमाईवरचे एक संथ गीत घेतले. नाचायला उठलेली पोरे खाली बसली, काही निघून गेली. बायका मात्र जागच्या हलल्या नाहीत. पुढल्या वर्षी त्या मंडळाने आम्हांला बोलावले नाही आणि ढोलकीवादकाने उन्हाळाभर दुसरीकडे काम करून ती तूट भरून काढली. त्याची किंमत त्याने मोजली, हे इथे नोंदवणे आम्हांला आवश्यक वाटते. पण त्याने विचारलेला प्रश्न तेव्हापासून आमची शेवटची कसोटी झाला: ज्यांच्याविषयी गाणे आहे, त्यांच्यासमोर ते उभे राहून गाता येईल का?

उपोसथाच्या दिवशी अष्टशील घेणारा नृत्य-गीत-वाद्यापासून दूर राहतो. वसतिगृहात त्या दिवशी पेटी बंदच असे. मग धम्मात गाण्याला जागा आहे की नाही, असे विद्यार्थी आम्हांला विचारतात. आम्ही त्यांना दीघनिकायातील सक्कपञ्ह सुत्ताची आठवण देतो. तेथे पंचशिख गंधर्व इंदसाल गुहेजवळ वीणा वाजवून गातो आणि तथागत त्याची प्रशंसा करतात. ती प्रशंसा अशी की, त्याच्या तारांचा स्वर गीताशी आणि गीताचा स्वर तारांशी जुळतो, एक दुसऱ्यावर कुरघोडी करीत नाही. छातीत धडधड भरणाऱ्या कर्ण्यांच्या भिंतींपुढे शब्द हरवतात तेव्हा आम्हांला ही प्रशंसा आठवते.

आणखी एक नियम आम्ही पाळतो. प्रत्येक गाण्याआधी गीतकाराचे नाव सांगतो. गाणे कॅसेटवर ज्याच्या आवाजात ऐकले त्याचेच, असे लोक समजून चालतात, आणि ज्याने ते रचले तो अनामिक राहतो. दुसऱ्याचे गाणे गाणाऱ्याने निदान एवढे ऋण तरी मान्य करावे.

आमच्या गाण्यांच्या वहीत चार रकाने आहेत: गीत, गीतकार, पट्टी, आणि ‘कोणासमोर गाता येईल’. वसतिगृहातील ज्या मुलामुलींना गायची हौस आहे, त्यांनीही अशी एक वही घालावी. चौथ्या रकान्यात ‘सर्वांसमोर’ असे लिहिता येईल, तीच गाणी आधी पाठ करावीत.

नमो बुद्धाय. जयभीम.