आमच्यातला माणूस

पाऊस लागला की मला मदन मोहन आठवतात, आणि त्यांच्या मागोमाग धाकटे मामा येतात. एक मुंबईतले नावाजलेले संगीतकार, दुसरे बेळगावच्या मराठा पलटणीतून पेन्शनीत निघालेले सुभेदार. दोघांची गाठ कधी पडली नाही, पडायचं काही कारणही नव्हतं. पण मामा त्यांच्याबद्दल बोलताना 'आमच्यातला माणूस' म्हणायचे, आणि आम्हां पोरांना वाटायचं, हा कुणीतरी मामांच्या बराकीतलाच असणार.

तसं ते अगदीच खोटं नव्हतं म्हणा. वडील रायबहादूर चुनीलाल म्हणजे बॉम्बे टॉकीज आणि फिल्मिस्तानमधलं बडं प्रस्थ, पण बगदादमध्ये जन्मलेला हा मुलगा 1943 साली, महायुद्ध ऐन भरात असताना, सेकंड लेफ्टनंट म्हणून सैन्यात गेला. लढाई संपल्यावर वर्दी उतरली आणि 1946 मध्ये स्वारी लखनौच्या रेडिओ केंद्रावर रुजू झाली. तिथे बेगम अख्तर, तलत महमूद अशांच्या सहवासात गझल अंगात मुरत गेली. दोनेक वर्षांच्या नोकरीत कुणी फौजी होतो का, असं मी एकदा मामांना छेडलं होतं. ते पडवीत पितळी बिल्ले ब्रासोनं घासत बसले होते, आणि त्या वासात आतल्या स्टोव्हचा रॉकेलचा वास आणि भिजलेल्या अंगणाचा वास असा काही मिसळला होता की आजही कुठे ब्रासोची डबी उघडली तर मला आधी पाऊस ऐकू येतो. मान वर न करता ते एवढंच म्हणाले, "हकीकत बघ."

चेतन आनंदांचा 'हकीकत' 1964 चा, बासष्टच्या चीनच्या लढाईवरचा. त्यातलं शेवटचं गाणं सगळ्यांना पाठ असतं, शाळाशाळांतून ते वाजतं. पण मामांचं गाणं ते नव्हे. त्यांचं गाणं चार गळ्यांचं: रफी, तलत, मन्ना डे आणि तेव्हा अगदी कोवळा असलेला भूपिंदर. लडाखच्या बर्फात घरापासून तुटलेले जवान, आणि प्रत्येकाच्या मनात घरी वाट बघणारं कुणीतरी. कैफी आझमींचे शब्द, वाद्यं जेमतेम, घाई तर कुठेच नाही. एक आवाज थांबतो आणि दुसरा जणू शेजारच्या पथारीवरून तीच आठवण उचलतो. संध्याकाळी विविध भारतीवर फौजी भाईंसाठीची 'जयमाला' लागायची, तिच्यात हे गाणं आलं की मामा उठून गोठ्याकडे जायचे. म्हशीला वैरण घालायची ती वेळ नसायची हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणीही ते बोलून दाखवत नसे. मला विचाराल तर हे गाणं बराकीत रात्र काढलेल्या माणसालाच सुचावं, पण हा माझा हट्ट आहे असं समजा.

मदन मोहन स्वयंपाक फार हौसेनं करत. मन्ना डे सांगायचे की भेंडी-मटणाचं आमिष दाखवून त्यांना घरी बोलावून घेतलं जायचं आणि तिथे मग चाल शिकवली जायची. हे कुठेसं वाचल्यावर मामांनी मामीकडे भेंडी-मटणाचा लकडा लावला. "मटणात भेंडी? बुळबुळीत होईल सगळं," असं म्हणत मामीनं शेवटी ती वेगळी तळून घेतली, वरून रश्शात सोडली, आणि मामा घाम पुसत, बोटं चाटत, एका अधिकाऱ्यानं दुसऱ्याच्या मेसमध्ये जेवावं तशा ऐटीत जेवले.

14 जुलै 1975 ला मदन मोहन गेले तेव्हा ते एक्कावन्न वर्षांचे होते. फिल्मफेअर त्यांना कधीच मिळालं नाही. 'दस्तक'साठी राष्ट्रीय पुरस्कार तेवढा मिळाला. त्याच 'दस्तक'मधलं 'माई री' लताबाईंच्या आवाजात आपण सगळ्यांनी ऐकलंय, पण ते मदन मोहनांनी स्वतःही गायलंय, आणि मी हल्ली तेच जास्त लावतो. गळा तयारीचा नाही, किंचित जाडसर, कडांना झिजलेला. लताबाईंच्या सुरात दुःख स्वच्छ धुतलेलं असतं. इथे ते अंगावरच्या कपड्यांसकट येतं. आता माझं वय त्यांच्याहून बरंच पुढे गेलंय, तरी तो आवाज लागला की मी आपोआप धाकटा होऊन बसतो.

2004 मध्ये 'वीर-झारा' आला. मदन मोहनांच्या मुलानं जपून ठेवलेल्या, न वापरलेल्या चाली बाहेर काढल्या, आणि पंचाहत्तरीतल्या लताबाई आपल्या मदनभैयांसाठी पुन्हा गायल्या. तोवर मामांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. मी एकटाच थिएटरात बसून ऐकत होतो, आणि मला नक्की माहीत होतं ते काय म्हणाले असते: चाल आमच्या माणसाची आहे, पण वाद्यं फार घातलीत.