चाळीस ठिपके, एक रेघ

तमिळनाडूत मार्गळी महिन्यात पहाटे दारापुढे उमटणाऱ्या कोलमांमध्ये ‘हृदयकमलम्’ विशेष लोकप्रिय आहे. पाहणाऱ्याला ते कमळ दिसते; काढणारीच्या हातात मात्र एक क्रम असतो. मध्यापासून आठ दिशांना आठ ओळी, प्रत्येक ओळीत पाच ठिपके. आतून मोजून पहिला ठिपका, शेजारच्या ओळीतला चौथा, त्यापुढच्या ओळीतला दुसरा, मग पाचवा, मग तिसरा आणि पुन्हा पहिला. पिठाची रेघ न तोडता असे फिरत गेले की चाळीसही ठिपके एकेकदा जोडले जातात आणि रेघ निघाली तिथेच येऊन मिळते.

हे का जमते? ओळींचे चक्र ८ चे, ठिपक्यांचे ५ चे. या दोन संख्यांना १ वाचून सामाईक विभाजक नसल्याने दोन्ही चक्रे एकदम आरंभाला येतात ती ४० व्या पावलावर. आठांऐवजी दहा ओळी घेऊन वहीत काढून पाहावे. रेघ दहाव्या पावलालाच मिटते आणि आकृती पुरी करायला पाच सुट्या रेघा लागतात.

सममितीची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. नुसते ठिपके ४५ अंशांतून फिरवले तरी तसेच दिसतात आणि आरशातही तसेच. रेघ ओढली की फिरवण्याची सममिती टिकते, आरशाची जाते: प्रतिबिंबात पहिल्यानंतर चौथा नव्हे, तिसरा ठिपका येतो. कमळाला जो हलका पीळ जाणवतो तो इथला. पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्याला सममितीभंग शिकवायला याहून स्वस्त उपकरण सापडणे कठीण.

अशा आकृतीपुढे दोन घाईची मते हटकून ऐकू येतात. एक म्हणते, आपल्या पूर्वजांना सगळे गणित ठाऊक होते. आर्यभटाचा कुट्टकही शेषांचाच, मग नाते जोडायला कितीसा वेळ! पण विषय जुळला म्हणजे वंशावळ सिद्ध होत नाही. दुसरे मत कोलमला निव्वळ सजावट ठरवते, आणि ते अधिक अन्यायाचे आहे. कुठला क्रम रेघ तुटू देत नाही हे ओळखणे म्हणजे सिद्धता नव्हे, तरी ते ज्ञानच आहे.

गिफ्ट सिरोमनी, राणी सिरोमनी आणि कमला कृतिवासन यांनी ते गंभीरपणे घेतले. १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शोधनिबंधात कोलमच्या आकृत्यांसाठी संगणकशास्त्रीय व्याकरण मांडले गेले. भाषेत मोजक्या नियमांतून अगणित वाक्ये निघतात, तशा इथे आकृत्या. ‘कृष्णाची पैंजणे’ या कोलममालिकेत एकच नियम पुन्हा पुन्हा लावला की आकृती वाढत जाते, कितीही मोठी, आणि तरीही रेघ एकच राहते.