गाडी कुणाच्या पैशांची?

गेले दोन महिने आमच्या घरात गाडी सोडून दुसरा विषय नाही. लेकीला नोकरी लागून दीड वर्ष झालं. हिंजवडीला जाऊन-येऊन रोजचे ४० किलोमीटर, तेही स्कूटरवर. पावसाळ्यात काय हाल होतात ते पुणेकरांना सांगायला नकोच! तर तिला छोटी गाडी घ्यायचीय. ऑन-रोड ७ लाख. त्यात आम्ही किती घालायचे, यावर घरात दोन पक्ष पडलेत.

नवऱ्याचं म्हणणं सरळ. "सगळे देऊन टाकू. आपल्या एफडीवर साडेसहा टक्के मिळतात, मग तिने ९ टक्क्यांनी कर्ज कशाला काढायचं?" हिशेब चोख आहे हो. ५ लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी ५ वर्षांसाठी घेतलं तर हप्ता १०,४०० च्या आसपास, आणि नुसतं व्याजच सव्वा लाखाच्या घरात. हप्ता कमी वाटावा म्हणून ७ वर्षं केली तर व्याज पावणेदोन लाख. घरात पैसे असताना बँकेची भर का करायची?

हे सगळं मान्य करूनही मी नको म्हणते.

१९९५ साली अण्णांनी मला लूना घेऊन दिली होती, सेकंडहँड. मी तेव्हा नोकरीला लागले होते, थोडे थोडे करून फेडलेही असते. पण अण्णा म्हणाले, "बापाला पैसे परत करतात का?" मग रोज रात्री जेवताना चौकशी. आज पेट्रोल इतकं कसं संपलं? डेक्कनला काय काम होतं? मागे कोण बसलं होतं? अण्णा दुष्ट नव्हते, माया तर खूपच होती. पण गाडी त्यांच्या पैशांची होती, आणि ते दोघांनाही विसरता आलं नाही. माझं लग्न झाल्यावर ती न विचारता भावाकडे गेली. मला वाईट वाटलं तर आई म्हणाली, "अगं, घरचीच आहे ना!" (दादा, वाचत असशील तर राग मानू नकोस. क्लचप्लेट तूच घालवलीस, पण ते असो.)

मी अण्णांसारखी वागणार नाही असं छातीठोकपणे सांगू शकत नाही. रात्री अकरा वाजता गाडी दारात नसेल तर मी काय विचारीन ते मला पक्कं ठाऊक आहे.

मध्ये आमच्या वन्सं म्हणाल्या, "एवीतेवी लग्नात द्यालच की, तेव्हाच द्या." मी म्हटलं, वन्सं, हुंड्याला १९६१ पासून कायद्याने बंदी आहे, आणि गाडी तिला हवीय, जावयाला नव्हे. त्यावर बराच वेळ शांतता.

शेवटी नवऱ्याने मधला मार्ग काढला: आपणच तिला कर्ज देऊ, एफडीच्या दराने. मला ते पटलंही होतं. पण लेकच म्हणाली, "नको बाबा. बँक हप्ता घेते आणि गप्प बसते. शनिवारी कुठे गेली होतीस, असं विचारत नाही."

तिने एक्सेलमध्ये सगळं मांडलंय. हातात येणारा पगार ४२,०००. हप्ता, पेट्रोलचे ६,०००, इन्शुरन्स, सर्व्हिसिंग धरून महिन्याला १८,००० जाणार. बाहेरचं खाणं आणि गोव्याची ट्रिप तिने स्वतःच खोडली. आम्ही नुसते पैसे दिले असते तर ती शीट उघडलीच गेली नसती असं मला वाटतं.

आता ठरलंय ते असं. डाउन पेमेंटच्या २ लाखांत १ लाख आमचा, वाढदिवसाची भेट म्हणून, परत मागायचा नाही आणि बोलूनही दाखवायचा नाही. धाकट्यालाही त्याच्या वेळी तेवढेच. जामीन मात्र राहायचं नाही. नवरा तीन वर्षांत रिटायर होतोय, आणि कर्ज थकलं तर बँक जामीनदाराकडून पूर्ण रक्कम वसूल करू शकते. सुदैवाने तिच्या पगारावर कर्ज मंजूर झालं.

काल बुकिंग केलं. नवरा म्हणाला, "फास्टॅग माझ्या खात्याला जोडू, तुला रिचार्जची कटकट नको."

लेक हसायलाच लागली. "म्हणजे मी प्रत्येक टोलनाका ओलांडला की मेसेज तुमच्या फोनवर?"

आपण फक्त तिची सोय बघत होतो, असं त्याचं अजूनही म्हणणं आहे.