मॅस्टिक बीचचं व्हिलेज

न्यूयॉर्कच्या लाँग आयलंडवर, दक्षिण किनाऱ्याला मॅस्टिक बीच ही वस्ती आहे. २०१० च्या ऑगस्टअखेर तिथल्या मतदारांपुढे एकच प्रश्न होता : ब्रुकहेवन टाउनच्या आत राहूनच स्वतःचं व्हिलेज, म्हणजे गावाचा वेगळा स्थानिक कारभार, काढायचं का? मी शेजारच्या शर्लीत राहायचे. हद्दीबाहेरची म्हणून मला मत नव्हतं. वाद मात्र भरपूर ऐकायला मिळाले.

टाउन म्हणजे आपल्या तालुक्यासारखा पसारा. ब्रुकहेवनची लोकसंख्या साडेचार लाखांच्या वर, कचेरी दूर फार्मिंगव्हिलला. मॅस्टिक बीच मुळात उन्हाळी बंगल्यांची वसाहत. पुढे बाहेरच्या मालकांनी ती छोटी घरं भाड्याने लावली, काही ओसही पडली. माझ्या मैत्रिणीच्या गल्लीत असंच एक घर होतं. खिडक्यांवर प्लायवूड, कंबरेएवढं गवत, पायरीशी भिजून फुगलेली गादी. टाउनला फोन करकरून ती थकली होती. मेयर गावातलाच असला की त्याला गाठता तरी येईल, एवढंच तिचं म्हणणं. समोरचे निवृत्त गृहस्थ चिडायचे : काउंटीचा कर आहे, टाउनचा आहे, शाळेचा तर सगळ्यांत जबर, त्यात आणखी एक कशाला?

आपल्याकडे ग्रामपंचायतीची नगरपंचायत होते ती शासनाच्या अधिसूचनेने. हरकती मागवतात, मत कुणी मागत नाही. तिथे तेव्हाच्या कायद्याप्रमाणे वीस टक्के मतदारांच्या सह्या गोळा करायच्या, टाउनच्या सुपरवायझरने अर्ज तपासायचा आणि मग मतदान. दारोदार सह्या मागत फिरणारी ही माणसं पाहून मला हेवा वाटला, हे कबूल.

३१ ऑगस्टला ‘हो’ जिंकलं.

घरांच्या नियमांची अंमलबजावणी व्हिलेजकडे आली. पोलीस सफोक काउंटीचेच राहिले. पण गावात मोठे उद्योग नाहीत, त्यामुळे भार घरमालकांवरच. त्यात २०१२ मध्ये सँडी वादळाचं पाणी शिरलं. पुढे तूट वाढली, करवाढीची भाषा सुरू झाली. मागणी रास्त होती, हे माझं मत आजही कायम आहे. उत्पन्नाचा हिशेब मात्र कच्चा होता.

नोव्हेंबर २०१६ मध्ये त्याच मतदारांनी व्हिलेज विसर्जित करायचा कौल दिला. ३१ डिसेंबर २०१७ ला कारभार संपला आणि कामं पुन्हा ब्रुकहेवनकडे गेली. विसर्जनानंतर उरलेलं कर्ज न्यूयॉर्कच्या कायद्याने जुन्या हद्दीतल्या मालमत्तांनीच फेडायचं असतं.